‘तुमचा मुद्दा नंतर घेऊ’ म्हणाले, आणि त्या परत आल्याच नाहीत

ताई,

आम्ही एका मोठ्या इमारतीतल्या वेगवेगळ्या कंपन्यांत काम करणाऱ्या बायका एकत्र आलो आहोत. तीन मागण्या ठरल्या आहेत: रात्री आठनंतर सुटणाऱ्या बायकांना घरापर्यंत गाडी, प्रत्येक कंपनीत खरोखर काम करणारी तक्रार समिती, आणि पाळणाघर. मागच्या बैठकीला सफाईचं काम करणाऱ्या एक बाई पहिल्यांदाच आल्या होत्या. शेवटी त्या उठल्या आणि म्हणाल्या, “तुमची गाडी रात्री आठनंतरची. आम्ही पहाटे साडेचारला अंधारातच येतो. तुमची समिती कंपनीची. मला त्रास देणारा मुकादम ठेकेदाराचा. मी कुठं जायचं? आणि हे काम आमच्याच लोकांच्या वाट्याला का येतं, तेही कधीतरी विचारा.” बैठक मी चालवत होते. सगळ्या गप्प झाल्या, वेळ संपत आला होता. मी म्हणाले, “तुमचा मुद्दा महत्त्वाचा आहे, पण तो आपण नंतर घेऊ.” त्यानंतर त्या आल्या नाहीत. एक मैत्रीण म्हणते, प्रत्येकीचं वेगळं काढत बसलो तर चळवळ फुटेल. दुसरी म्हणते, आपल्याला इंटरसेक्शनॅलिटी कळलेली नाही. मला दोघींचंही थोडं थोडं पटतं आणि रात्री झोप लागत नाही. दोन आठवड्यांनी निवेदन द्यायचं आहे. काय करू?

– अस्वस्थ

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र चारदा वाचलं. दर वेळी एकाच वाक्यावर थांबले: “मी कुठं जायचं?” तुझ्या मैत्रिणीनं घेतलेला तो लांबलचक शब्द ज्या खटल्यावरच्या लेखातून आला, त्या खटल्यातही नेमका हाच प्रश्न होता. तो खटला आधी सांगते.

अमेरिकेत जनरल मोटर्सविरुद्ध पाच कृष्णवर्णीय स्त्रिया कोर्टात गेल्या. पुराव्यात पुढे आलं ते असं: १९६४ च्या आधी कंपनीनं कृष्णवर्णीय स्त्रियांना कामावर घेतलंच नव्हतं. पुढे मंदी आली आणि कामगार कमी करायची वेळ आली तेव्हा सेवाज्येष्ठतेचा नियम लावला गेला, म्हणजे जी सगळ्यात शेवटी आली ती सगळ्यात आधी गेली. १९७० नंतर लागलेल्या कृष्णवर्णीय स्त्रिया एकजात घरी बसल्या. नियमात ‘काळी’ हा शब्द नव्हता, ‘बाई’ हाही नव्हता. पण ज्यांना दारच उशिरा उघडलं, त्यांना ज्येष्ठता मिळणार कुठून?

१९७६ मध्ये निकाल लागला. कोर्ट म्हणालं, कंपनीनं स्त्रियांना नोकऱ्या दिलेल्या आहेत, तेव्हा स्त्री म्हणून भेदभाव झालेला नाही. त्या नोकऱ्या गोऱ्या स्त्रियांच्या होत्या. वर्णभेदाचं म्हणणं असेल तर त्यासाठी कंपनीविरुद्ध दुसरा खटला चालू आहे, त्यात सामील व्हा. आणि दोन्ही मिळून? तसं करता येणार नाही. दोन भेदभावांवरचे उपाय एकत्र करून कायद्यात नसलेला नवाच ‘महाउपाय’ घडवायला कोर्टानं नकार दिला. त्या पाच जणींना स्त्री म्हणून जायला एक दार होतं, कृष्णवर्णीय म्हणून दुसरं होतं, आणि कृष्णवर्णीय स्त्री म्हणून जायला दारच नव्हतं.

किंबर्ले क्रेनशॉ या कायद्याच्या प्राध्यापिकेनं १९८९ मध्ये या निकालावर आणि अशाच आणखी खटल्यांवर लिहिताना चौकाची उपमा दिली. चौकात चारी दिशांनी वाहनं येतात. मध्ये उभ्या असलेल्या माणसाला धक्का बसला तर तो एका बाजूनं आलेला असेल किंवा एकदम सगळ्या बाजूंनी. इंटरसेक्शनॅलिटी, म्हणजे एकाच माणसावर अनेक भेदभाव एकत्र आदळणं, हा शब्द या चौकातून आला. मराठीत कुणी त्याला आंतरछेदिता म्हणतं. मला स्वतःला चौकच बरा वाटतो, कारण चौकात कोण उभं आहे ते दिसतं.

आता तुमच्या इमारतीकडे बघ. कंपनीची समिती म्हणणार, ही आमची कर्मचारी नाही. ठेकेदाराकडे समितीच नाही, मुकादम आहे, आणि तक्रार त्याच्याचविरुद्ध आहे. त्या बाई तुमच्या तीन मागण्यांच्या मधल्या फटीत उभ्या होत्या आणि तिथून जे दिसतं ते त्यांनी मोजक्या वाक्यांत सांगितलं. तुमच्यापैकी कुणालाही ते दिसलं नसतं. तुम्ही वाईट आहात म्हणून नव्हे. तुमच्या घरचा गजर पहाटे साडेतीनला वाजत नाही, एवढंच.

हे शब्द आले अमेरिकेतून, पण ही दृष्टी तिथून आयात झाली असं कुणी म्हणालं तर त्याला मुक्ता साळवेचं नाव सांग. सावित्रीबाई आणि जोतीरावांच्या शाळेतली मातंग समाजातली ही विद्यार्थिनी. तिचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिता लिहिता ती बाळंत होणाऱ्या बायकांपाशी येते: घरावर छप्पर नाही, थंडीपावसात प्रसूती, जवळ पैसा नाही. जातीचं दुःख सांगणारे तेव्हाही होते, स्त्रीचं दुःख सांगणारेही होते. उघड्यावर बाळंत होणारी बाई दिसायला मात्र मुक्ताच लागली. क्रेनशॉच्या लेखाला तेव्हा अजून १३४ वर्षं होती.

तुझ्या पहिल्या मैत्रिणीची भीती मी उडवून लावणार नाही. चळवळी फुटतात हे मी पाहिलं आहे. हाच शब्द हातात घेऊन कुणाचं दुःख मोठं याची मोजदाद मांडणारे गटही पाहिले आहेत. तिथं माणसं एकमेकींचं ऐकायचं सोडून एकमेकींना तपासू लागतात. ते होऊ देऊ नकोस. पण तिचं म्हणणं ‘आधी मुख्य लढाई, मग बाकीचं’ असं असेल, तर या ‘मग’चा इतिहास तिला माहीत असायला हवा.

३ मार्च १९१३, वॉशिंग्टन. राष्ट्राध्यक्षांच्या शपथविधीच्या आदल्या दिवशी मताधिकारासाठी हजारो स्त्रियांचा मोर्चा निघाला. कृष्णवर्णीय स्त्रियांनी मागच्या बाजूला चालावं, असं आयोजकांनी सुचवलं. दक्षिणेकडच्या गोऱ्या स्त्रिया नाराज होतील, मोर्चा फुटेल, ही भीती. तुझ्या मैत्रिणीचाच शब्द. कृष्णवर्णीय पत्रकार आयडा बी. वेल्स शिकागोहून आल्या होत्या, इलिनॉय राज्याच्या तुकडीबरोबर. त्यांनाही मागे जायला सांगितलं गेलं. त्या मागे गेल्या नाहीत. कडेच्या गर्दीत थांबल्या, आणि इलिनॉयची तुकडी समोर आली तेव्हा गर्दीतून बाहेर पडून दोन गोऱ्या सहकारिणींच्या मधोमध चालू लागल्या.

१९२० मध्ये अमेरिकेत स्त्रियांच्या मताधिकाराची घटनादुरुस्ती झाली. मुख्य लढाई जिंकली. मग ‘मग’ आला का? दक्षिणेतल्या राज्यांत वाचनाच्या परीक्षा, मतदानासाठीचा कर आणि उघड दहशत यांच्या जोरावर बहुसंख्य कृष्णवर्णीय स्त्रियांना मतपेटीपासून लांबच ठेवलं गेलं. त्यांच्या हक्काला खरा आधार मिळाला तो १९६५ च्या मताधिकार कायद्यानं. पंचेचाळीस वर्षं. मोर्चात विशीत असलेली बाई तोवर सत्तरी ओलांडून गेलेली.

समलिंगी हक्कांच्या चळवळीतही तेच घडलं. १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल या बारमध्ये पोलिसांच्या छाप्याविरुद्ध उठाव झाला. त्यानंतर चारच वर्षांनी तिथल्याच एका सभेत ट्रान्स कार्यकर्त्या सिल्विया रिव्हेरा व्यासपीठावर आल्या तेव्हा आपल्याच माणसांनी त्यांची हुर्यो उडवली. त्या बोलत होत्या तुरुंगात मार खाणाऱ्या, बेघर झालेल्या साथींबद्दल. चळवळीला तेव्हा सभ्य दिसायचं होतं, आणि सभ्य दिसायचं ठरलं की सगळ्यात गरीब माणूस आधी फोटोतून बाहेर जातो.

म्हणून तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर हे आहे. त्या बाईंच्या प्रश्नानं तुमची चळवळ फुटली नाही. फूट आधीच होती, इमारतीच्या रचनेत होती. त्यांनी ती दाखवली, आणि ‘नंतर’ या शब्दानं तुम्ही ती पक्की केली.

हे लिहिताना मी उंचावर उभी नाही. वीसेक वर्षांपूर्वी मी एका गटाचं इतिवृत्त लिहीत असे. आमच्यातला एक अंध साथी दर बैठकीत सांगायचा, पत्रक वाटण्याआधी एकदा मोठ्यानं वाचा. पत्रकं दोन-दोन पानांची असायची, घाई असायची. मी माझ्या हातानं लिहिलं आहे: ‘सूचना नोंदवली, पुढे विचार करू.’ तीन बैठका तो आला, हातात घडी न मोडलेलं पत्रक घेऊन मागच्या बाकावर बसला. चौथीला आला नाही. त्याच्याशिवाय आमचं काही अडलं नाही, आणि हीच गोष्ट मला आजही टोचते. वगळलेल्या माणसाविना चळवळीचं काम अडत नाही, म्हणून तो गेलेला कळतही नाही. तुला कळलं आहे, म्हणून मला तुझ्याबद्दल आशा वाटते.

ही अडचण चांगल्या रीतीनं सुटलेलीही आहे. माझी सगळ्यात आवडती गोष्ट सॅन फ्रान्सिस्कोची.

५ एप्रिल १९७७. अपंगांना सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थांनी भेदभावानं वागवू नये असं कलम, ५०४ क्रमांकाचं, कायद्यात १९७३ पासून होतं. पण त्याच्या नियमांवर सही होत नव्हती. शंभराहून जास्त अपंग स्त्री-पुरुष तिथल्या सरकारी इमारतीत शिरले आणि चौथ्या मजल्यावर ठिय्या देऊन बसले. कुणी व्हीलचेअरवर, कुणी अंध, कुणी बहिरे. अनेकांना कुशीवर वळवायलाही माणूस लागायचा. काहींची औषधं बाहेर राहिली होती. प्रशासनानं फोन तोडले, तेव्हा बहिऱ्या कार्यकर्त्यांनी खिडकीशी उभं राहून खालच्या साथींना खुणांच्या भाषेत निरोप दिले. बाकीच्यांना जे व्यंग वाटायचं त्याच्याच जोरावर आतला-बाहेरचा संपर्क टिकला.

पण इतक्या माणसांना खायला कोण घालणार? कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षाचे लोक रोज गरम जेवण घेऊन येत राहिले. का? आत ब्रॅड लोमॅक्स होते. पँथर पक्षाचे कार्यकर्ते, कृष्णवर्णीय, आणि मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारामुळे व्हीलचेअरवर. त्यांच्या मदतीला त्यांचे साथी चक जॅक्सन होते, ते आतल्या इतरांनाही उचलून-वळवून मदत करायचे. लोमॅक्सना कुणी ‘तू आधी कृष्णवर्णीय की आधी अपंग’ असं विचारत बसलं असतं तर ते जेवण चौथ्या मजल्यावर पोहोचलं नसतं. चौकात उभा असलेला माणूस दोन्ही रस्त्यांना माहीत असतो. २८ एप्रिलला नियमांवर सही झाली. जवळजवळ चार आठवडे लोक आत टिकले, आणि ते जिद्दीवर जसे टिकले तसे त्या जेवणावरही टिकले.

तुझ्या पहिल्या मैत्रिणीला ही गोष्ट सांग. आणि ब्रिटनमधलीही. १९८४-८५ च्या खाण कामगारांच्या संपात लंडनमधल्या समलिंगी स्त्री-पुरुषांनी वेल्सच्या ड्युलाइस खोऱ्यातल्या संपकऱ्यांसाठी पैसे गोळा केले. संप हरला. पण जून १९८५ मध्ये समलिंगींच्या लंडनमधल्या प्राइड मोर्चाला खाण कामगार आपले बॅनर घेऊन आले आणि पुढे चालले. त्याच वर्षी मजूर पक्षाच्या अधिवेशनात समलिंगींच्या हक्कांचा ठराव मंजूर झाला, आणि त्यामागे खाण कामगार संघटनेच्या मतांचं बळ होतं. मदत करताना कुणी आपली ओळख लपवली नव्हती, म्हणून परतफेडही त्याच नावानं आली.

दक्षिण आफ्रिकेत ९ ऑगस्ट १९५६ ला प्रिटोरियात सुमारे वीस हजार स्त्रिया पासच्या, म्हणजे फिरण्या-राहण्यावर बंधन घालणारं सरकारी ओळखपत्र बाळगण्याच्या, सक्तीविरुद्ध चालून गेल्या. पुढे चौघी होत्या: लिलियन न्गोयी, हेलन जोसेफ, रहिमा मूसा, सोफिया विल्यम्स. वर्णभेदी सरकारनं माणसांचे जे चार कप्पे केले होते त्यांतल्या प्रत्येकातली एक. पासची ही सक्ती आफ्रिकन स्त्रियांवर येत होती, बाकीच्या तिघींच्या समाजांवर नाही. तरी त्या पुढच्या रांगेत होत्या. मागणी सगळ्यात जास्त दबलेल्या बाईची, पाय सगळ्यांचे.

आता तुझ्या दोन आठवड्यांबद्दल.

आधी त्या बाईंना भेट. एकटी जा, चौघी-पाच जणींचं शिष्टमंडळ नेऊ नकोस. त्यांच्या वेळेला जा, म्हणजे पाळी सुटताना किंवा त्या सांगतील तेव्हा. मुकादमाच्या नजरेसमोर भेटू नकोस. ‘तुम्ही परत या’ हे म्हणू नकोस, निदान सुरुवातीला तरी नको. परत येणं हे त्यांच्यासाठी आणखी एक काम आहे. सांग की मी ‘नंतर’ म्हणाले ते चुकलं, आणि निवेदन पुन्हा लिहायला घेतलं आहे. मग विचार की पहाटे येताना कुठल्या टप्प्यावर भीती वाटते, त्रास झाला तर आज कुणाकडे जाता, तुमच्याबरोबर किती जणी आहेत. आणि ऐक. मधेच आपल्या गटाची बाजू मांडायचा मोह होईल, तो आवर.

त्यांना ‘सफाई कामगारांच्या प्रतिनिधी’ करून टाकू नकोस. दर बैठकीत एकाच बाईनं उभं राहून सगळ्यांना शिकवायचं, हा भार फार मोठा असतो. शिवाय कंत्राटी बाईची नोकरी एका फोनवर जाते, तुझी जात नाही. निवेदनावर पहिली सही तुझ्यासारख्यांची हवी. त्यांचं नाव घालायचं की नाही हे त्यांनाच ठरवू दे, आणि त्या ‘नको’ म्हणाल्या तर एकदाही गळ घालू नकोस.

मग मागण्यांचा कागद समोर घे. प्रत्येक ओळीला विचार: ही मंजूर झाली तर इमारतीत पाऊल ठेवणारी कोणती बाई तरीही बाहेर राहील? ‘रात्री आठनंतर’ खोडा आणि ‘अंधारात येणाऱ्या किंवा जाणाऱ्या प्रत्येक बाईला’ लिहा. ‘कर्मचारी’च्या जागी ‘कोणत्याही कराराखाली इथं काम करणारी व्यक्ती’ लिहा. ही माझी कल्पना नव्हे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं २०१९ मध्ये कामाच्या जगातल्या हिंसा आणि छळाविरुद्ध १९० क्रमांकाचा करार केला, तो २०२१ मध्ये लागू झाला. करार कुठल्याही प्रकारचा असो, काम करणाऱ्या प्रत्येकाला तो संरक्षण देतो. उमेदवारी करणाऱ्यांना आणि नोकरी शोधणाऱ्यांनाही देतो. कामावर येण्याजाण्याची वाटही त्यात येते. एकमेकांत गुंतलेल्या भेदभावांचा उल्लेख त्याच्या प्रास्ताविकातच आहे. ज्या देशांनी त्याला मान्यता दिली त्यांच्यावरच तो बंधनकारक आहे, पण मागणीची भाषा तुम्ही कुठंही तिथून घेऊ शकता. व्यवस्थापन म्हणेल, ठेकेदाराची माणसं आमची नाहीत. तेव्हा हा करार टेबलावर ठेव आणि सांग की फरशी तुमची आहे, जिना तुमचा आहे, तिथं त्रास झाला तर समितीही तुमचीच हवी.

त्यांचं शेवटचं वाक्य, ‘हे काम आमच्याच लोकांच्या वाट्याला का येतं’, ते निवेदनात मावणार नाही. ते कुठल्याही एका इमारतीपेक्षा मोठं आहे, आणि मला वाटतं तुझी झोप खरी त्यानंच उडवली आहे. त्यासाठी बैठक ठेवा, पण तिथं बोलायचं तुम्ही. त्यांच्याकडून दुःखाची कहाणी मागू नका. आपल्या घरात, आपल्या जातीत-वर्गात-वर्णात हे काम कधी कुणाच्या हाती आलंच नाही ते कशामुळे, हे एकेकीनं सांगायचं. अवघड जाईल. एक-दोघी येणं बंद करतील, त्याचीही तयारी ठेव.

बैठकीच्या वेळेचंही बघ. संध्याकाळी सातला पहाटे साडेतीनला उठणाऱ्या बाईची झोपेची वेळ होते. दुपारी दोन पाळ्यांच्या मध्ये अर्धा तास मिळतो का ते विचारा.

कदाचित त्या येणार नाहीत. तो त्यांचा हक्क आहे, आणि त्यावरून तुझा पश्चात्ताप मोजू नकोस. त्या आल्या नाहीत तरी पहाटेच्या गाडीची मागणी कागदावर राहिली पाहिजे, आणि वाटाघाटीत पहिली वगळली जाणारी मागणी तीच असता कामा नये. व्यवस्थापन नक्की म्हणेल, रात्रीची गाडी देतो, पहाटेचं नंतर बघू. त्या क्षणी टेबलापाशी कोण काय म्हणणार, हे आजच तुझ्या दोन्ही मैत्रिणींना समोरासमोर बसवून ठरव.

निवेदनाची तारीख गाठण्यासाठी घाई करू नकोस. आठवडा पुढे गेला तरी चालेल. नवा मसुदा झाला की त्याची एक प्रत घेऊन पुन्हा त्यांच्याकडे जा आणि त्यांना हवं असेल तर मोठ्यानं वाचून दाखव.

तुझी,
ताई